प्रश्नोत्तरे : गव्हाचा तांबेरा

प्रश्न : सहा-सात वर्षं एकाच वाणाचं घरचं बी पेरतो. आधी तांबेरा येत नसे, आता दरवर्षी येतो. बियाण्यातला गुण उतरला का? (शेतकरी वाचक, नाशिक जिल्हा)

नाही. गहू स्वतःच्याच परागावर दाणा धरतो. परपरागण अगदी थोडं. प्रसारित वाणात प्रतिकारक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात, त्यामुळे कितीही पिढ्या राखून पेरलं तरी तो गुण कमी होत नाही. बदलते ती बुरशी. जनुक बुरशीचा एक ठरावीक घटक ओळखून तिला अडवतो. तो घटक बदललेली रेस, म्हणजे बुरशीचा उपप्रकार, आली की ओळखच पटत नाही. १९९५ साली प्रसारित झालेला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण वायव्य भारतात असाच पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडला. त्यातल्या वायआर २७ या प्रतिकारक जनुकावर ७८एस८४ या रेसने मात केली.

भेसळीची शंका असेल तर निसवल्यावर शेतात फिरा. उंचीने, ओंबीने वेगळी दिसणारी झाडंच तांबेरली असतील तर ती उपटा आणि बी स्वच्छ करा. सगळं शेत सारखंच तांबेरलं असेल तर फोड भिंगाखाली पाहा. बारीक फोड आणि भोवती पिवळं, करपलेलं कडं दिसलं तर जनुक अजून झगडतोय. कडं नाही आणि फोड मोठे, भुकटीने भरलेले असतील तर पुढच्या रब्बीत वाण बदलाच. यंदा पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक फवारा, लिटरभर पाण्याला १ मिली.

प्रश्न : प्रतिकारक आणि रोगट वाणांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत (एफ२) १५२ रोपांपैकी ११८ निरोगी, ३४ रोगट निघाली. एकच प्रभावी जनुक म्हणू का? (कृषी पदव्युत्तर विद्यार्थिनी)

एवढ्यावर म्हणू नका. ३:१ धरलं तर अपेक्षा ११४:३८, काय-वर्ग (अपेक्षा आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या फरकाचं माप) ०.५६, मर्यादा ३.८४. मर्यादेच्या आत, म्हणजे बसतं. पण १३:३ धरून पाहा, म्हणजे एक प्रभावी आणि एक अप्रभावी जनुक: अपेक्षा १२३.५:२८.५, काय-वर्ग १.३१. तेही बसतं! निकाल एफ३ देईल, म्हणजे प्रत्येक एफ२ रोपाचं बी वेगळं पेरून आलेली पुढची पिढी; एका रोपाची संतती ते एक कुटुंब. एक जनुक असेल तर शुद्ध प्रतिकारक, विभागणारी (निरोगी-रोगट मिश्र) आणि पूर्ण रोगट कुटुंबं १:२:१ पडतील, पूर्ण रोगट सुमारे ३८. दोन असतील तर ७:८:१, पूर्ण रोगट जेमतेम ९-१०.

प्रत्येक कुटुंबात निदान २० रोपं घ्या. दहाच घेतली तर ३:१ विभागणाऱ्या कुटुंबात एकही रोगट न दिसण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांवर जाते, आणि ते कुटुंब चुकून शुद्ध प्रतिकारक गणलं जातं. बीजाणू नीट न रुजल्याने वाचलेली रोपंही निरोगीच भासतात, म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये आग्रा लोकल हा हमखास तांबेरणारा वाण हवाच. तोच तांबेरला नसेल तर त्या ट्रेची नोंद टाकून द्या. रोपांना बुरशीची टोचणी एकाच शुद्ध रेसची करा. मिश्रण वापरलं तर कोणता जनुक कोणाला अडवतो हे कळणार नाही.

प्रश्न : रोपावस्थेत रोगट ठरलेला वाण शेतात कसा तगतो?

एलआर ३४ सारख्या जनुकांमुळे. ते मोठ्या झाडात काम करतात. फोड येतात, पण उशिरा, थोडे आणि लहान. ध्वजपानाचं (सर्वांत वरच्या पानाचं) टोक वाळलेलं दिसणं ही त्याची खूण, तरी टोक पाणी-खताच्या ताणानेही वाळतं, नुसत्या खुणेवर निवड करू नका. रोगाचा जोर असला तर हा एकटा पुरत नाही. पैदासकार त्याच्या जोडीला असेच आणखी दोन-तीन जनुक आणतात.