टॅमॉक्सिफेन चालू असताना टीप वाकडी दिसते

प्रश्न : माझं वय ५४. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवते. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यापासून चार वर्षं टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज घेते. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही चालू आहे. हल्ली उजव्या डोळ्याला कॉलरची टीप मधेच वाकडी दिसते. चष्मा बदलला, फरक नाही. जाऊबाई म्हणतात, कॅन्सरच्या गोळीनं डोळे जातात, सोडून दे. सोडू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, गोळी मनानं सोडू नका. हार्मोनवर वाढणारी गाठ पुन्हा उलटण्याचा धोका या गोळीमुळे पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतो. पण डोळ्याचं दुखणंही अंगावर काढू नका. नंबर वाढला की सहसा पुसट दिसतं. सरळ रेघ वाकते तेव्हा पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात, बिघाड असण्याची शक्यता मोठी. याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. पडद्याच्या थरांचं चित्र दाखवणारा ओसीटी स्कॅन सोलापुरातच होतो, पुणं गाठायची गरज नाही.

टॅमॉक्सिफेनचा पडद्यावरचा परिणाम १९७८ पासून माहीत आहे. तेव्हाच्या रुग्णांचे डोस तुमच्या कितीतरी पट होते. २० मिलिग्रॅमला तो क्वचित होतो, तोही बहुधा काही वर्षांनी. मॅक्युलाभोवती बारीक चकाकते कण साठतात, सूज येते. कधी कण नसतानाही मधोमध पोकळी पडते, ती ओसीटीतच नीट दिसते. मात्र औषधाचा त्रास बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. तुमचा एकच डोळा बिघडलाय, म्हणजे कारण वेगळंही असू शकतं. साखर तपासली नसेल तर तीही तपासा.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्या गोळीची. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पडद्याला इजा करू शकतं आणि टॅमॉक्सिफेन सोबत असलं की तो धोका कित्येक पटींनी वाढतो. ही इजा भरून येत नाही. एरवी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी सुरू करतात. तुमच्या बाबतीत तेवढं थांबायचं नाही. रोजचा डोस वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर नको, मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर आणखी जपून. कॅन्सरच्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे तुमच्या फायली वेगवेगळ्या असतील. दोन्ही गोळ्यांची पाकिटं तिन्ही डॉक्टरांना दाखवा.

तपासणीपर्यंत गणवेशाचं चौकड्यांचं कापड सपाट अंथरा, चष्मा लावून एकेक डोळा झाकून मधल्या चौकटीकडे बघा. चौकटी जास्त वाकल्या किंवा मधे काळा डाग आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणाला तरी न्या.

दोष टॅमॉक्सिफेनचाच निघाला, तर पाळी गेलेली असल्यानं त्याऐवजी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल हे दुसरं औषध देता येतं का, ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. तोवर टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी चालू ठेवा.