वाचकांचे प्रश्न : सुनेचे माहेर आणि इरोक्वॉय आडनावे

कुलवृत्तांत आणि घराण्याचा इतिहास या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या महिन्यात घेतली आहेत. त्यांत ज्यांचा उल्लेख येतो ते इरोक्वॉय म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांचा एक संघ. गुहागरच्या पत्राला सविस्तर उत्तर द्यावे लागेल, म्हणून बहुतेक जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत असून आमच्या शाखेची माहिती जमवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी सून कॅनडातली आहे. तिच्या आईची आई १९२४ साली ऑन्टॅरिओ प्रांतात ब्रँटफर्ड या गावाजवळ जन्मली, तिचे माहेरचे आडनाव हिल होते आणि १९४६ साली तिने एका इंग्रज वंशाच्या गृहस्थांशी लग्न केले. 'आजी इरोक्वॉय होती' एवढेच सुनेला ठाऊक आहे, कारण आजी त्याविषयी कधी बोलली नाही. हिल हे इरोक्वॉय आडनाव आहे का? शोध कोठून सुरू करावा? आणि सुनेच्या माहेरचे कूळ आम्ही काय लिहावे?
— एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : सुनेच्या माहेरची बाजू नीट लिहिली जावी असे आपल्याला वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडच्या बहुतेक कुलवृत्तांतांत सुनेची नोंद 'पत्नी अमुक, माहेर तमुक' अशा एका ओळीत संपते आणि जुन्या पिढ्यांत तर तेवढीही सापडत नाही. माझ्या पणजीचे माहेर आमच्या छापील कुलवृत्तांतात नाही. ते मला सापडले माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळावर. काठाखाली ठिपके ठोकून घातलेल्या अक्षरांत तिच्या वडिलांचे नाव आणि गाव होते, आणि चिंच लावून घासल्याखेरीज ती अक्षरे वाचताही येत नव्हती. आपल्यालाही अशीच वाट धरावी लागेल. आडनाव बाजूला ठेवून आईकडून आजीकडे, आजीकडून तिच्या आईकडे जायचे.

प्रथम नावाविषयी. 'इरोक्वॉय' हे नाव दुसऱ्यांनी दिलेले आहे. ते लोक स्वतःला होडेनोसॉनी म्हणतात, म्हणजे लांब घरात राहणारे लोक. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा आणि सेनेका अशा पाच राष्ट्रांचा हा संघ होता, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून आलेले टस्करोरा लोक त्यात सहावे राष्ट्र म्हणून सामील झाले. 'आम्ही कोकणातले' एवढ्यावरून कोणाचे गाव आणि घराणे कळत नाही, त्याचप्रमाणे 'इरोक्वॉय' एवढ्यावरून वंश कळत नाही. राष्ट्र कोणते आणि वस्ती कोणती, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

या सहाही राष्ट्रांत कूळ आईकडून येते. मोहॉक आणि ओनायडा यांच्यात अस्वल, लांडगा आणि कासव अशी तीन कुळे आहेत, तर सेनेकांत यांखेरीज बीव्हर, हरिण, बगळा, ससाणा अशी आणखीही आहेत. एकाच कुळातल्या मुलामुलींचे लग्न होत नाही, हे आपल्याकडच्या सगोत्र विवाहाच्या निषेधासारखेच आहे. फरक इतकाच की आपले गोत्र बापाचे असते आणि त्यांचे कूळ आईचे. माणसाचे खरे नावही कुळाच्या मालकीचे असते. कुळातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया ते मुलाला देतात, आणि तो माणूस गेला की नाव कुळाकडे परत जाऊन पुढे दुसऱ्या कोणाला दिले जाते. त्यामुळे जुन्या कागदांत शंभर वर्षांच्या अंतराने एकच मोहॉक नाव दोनदा दिसले, तर तो एकच माणूस किंवा बाप-लेक असतील असे धरून चालू नये.

आडनावे या व्यवस्थेत बाहेरून आली. मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा देताना आणि सरकारी कारकुनांनी याद्या करताना ती लावली, आणि ज्याला जे सुचले ते त्याने लावले. जॉन, जेकब्स, आयझॅक, थॉमस यांसारखी आडनावे एखाद्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याच्या नावावरून आली. जॉन्सन या आडनावाची हकीकत तर मुळातून पाहण्यासारखी आहे. सर विल्यम जॉन्सन हे अठराव्या शतकात मोहॉकांशी व्यवहार पाहणारे ब्रिटिश अधिकारी होते, आणि जेकब टेकाहिओनवाके नावाच्या मोहॉक मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे आडनाव मिळाले. कॅनडातली प्रसिद्ध कवयित्री पॉलिन जॉन्सन (१८६१–१९१३) ही त्याची पणती. तिने पणजोबांचे टेकाहिओनवाके हे नाव पुढे स्वतःसाठी घेतले. तिचे वडील मोहॉकांचे प्रमुख होते, पण आई इंग्लंडात जन्मलेली होती. त्यामुळे कॅनडाच्या कायद्याने पॉलिन मोहॉक ठरली, परंतु मोहॉकांच्या स्वतःच्या रीतीने तिला जन्माचे कूळच नव्हते. आपल्या शोधात ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. १७०४ साली मॅसॅच्युसेट्समधून पळवून नेलेली राइस घराण्याची मुले माँट्रियलजवळच्या काह्नावाके येथे मोहॉक कुटुंबांत दत्तक गेली आणि त्यांचे आडनाव त्या वस्तीत रुजले. मेरी जेमिसन ही मुलगी अशीच सेनेकांत वाढली, तिथेच तिने लग्ने केली आणि १८३३ साली तिथेच वारली. तिच्या मुलांना बापाचे नव्हे तर तिचे आडनाव लागले आणि जेमिसन, जिमरसन अशा रूपांनी ते आजही सेनेकांत चालू आहे. म्हणजे आडनाव इंग्रज असूनही ती घराणी सेनेकाच आहेत.

आता आपल्या 'हिल'कडे येऊ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मोहॉकांसह संघातली बरीच राष्ट्रे इंग्रजांच्या बाजूने लढली आणि आपली भूमी गमावून बसली. तेव्हा २५ ऑक्टोबर १७८४ रोजी गव्हर्नर हाल्डिमंड यांनी ऑन्टॅरिओतल्या ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरची सहा सहा मैल जमीन त्यांना दिली, आणि जोसेफ ब्रँट यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी तेथे वसली. ब्रँटफर्ड हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. त्या मूळ जमिनीचा अगदी थोडा भाग आज उरला असून 'सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर' म्हणून तो ओळखला जातो आणि सहाही राष्ट्रांची घराणी तेथे एकत्र नांदतात. हिल हे त्या वस्तीतले फार पसरलेले आडनाव आहे. पण तेच आडनाव हजारो इंग्रज घराण्यांचेही आहे. म्हणून हिल हे आडनाव आणि ब्रँटफर्डजवळचा जन्म या दोन गोष्टी एकत्र येणे हा चांगला धागा आहे, परंतु पुरावा नव्हे. शिवाय वस्तीत सहा राष्ट्रे असल्यामुळे हिल म्हणजे मोहॉकच, असेही गृहीत धरू नये.

शोधाची सुरुवात आजीच्या जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांपासून करावी, कारण त्यांवर तिच्या आईचे माहेरचे आडनाव असण्याची शक्यता असते आणि आपल्याला हवे आहे ते तेच. कॅनडात जनगणनेचे कागद ९२ वर्षांनी खुले होतात. १९३१ ची जनगणना २०२३ साली खुली झाली आहे. आजी तेव्हा सहासात वर्षांची असेल, म्हणून ती कोणाच्या घरात राहत होती आणि त्या घराचे वांशिक मूळ काय नोंदले आहे, हे पाहता येईल. त्यामागे १९२१, १९११ आणि १९०१ च्या जनगणनांत तिच्या आईला शोधावे. ओटावा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) खात्याचे जे दप्तर आहे, त्याला 'आर जी १०' असा क्रमांक आहे. जमिनीचे वाद, वारसाहक्क, भत्त्यांच्या याद्या असे सगळे त्यात असते. आपल्याकडे फेरफार आणि वारसनोंदी चाळणाऱ्या माणसाला त्या दप्तराची जातकुळी लगेच ओळखू येईल.

येथे एक अडचण हमखास येईल. १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टने आईकडून कूळ मानणाऱ्या या लोकांवर बापाकडून चालणारी वंशाची व्याख्या लादली. बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा कायद्याने 'इंडियन' दर्जा जात असे, आणि बाहेरची स्त्री वस्तीत लग्न करून आली तर तिला तो मिळत असे. हा अन्याय १९८५ साली दुरुस्त झाला, पण पुरता नाही. नंतरही कायद्यात बदल करावे लागले. १९४६ साली इंग्रज वंशाच्या गृहस्थांशी लग्न झालेल्या आजीचे नाव त्या सुमारास वस्तीच्या यादीतून गळलेले आढळले, तर माग संपला असे समजू नका. नाव कापले गेले, याचाच अर्थ त्याआधी ते यादीत होते.

नाती वाचतानाही सावध राहावे. या लोकांत मावशीलाही आईच म्हणतात आणि मावशीची मुले सख्खी भावंडे मानली जातात. जुन्या पत्रात 'माझी आई' असे आले तर ती जन्मदाती असेलच असे नाही. आपल्याकडे चुलतभावाला सहज भाऊ म्हणतात आणि पुढच्या पिढीने वंशवेल काढताना घोटाळा होतो, तसेच हे आहे.

आजी का बोलली नाही, याविषयी तर्क करू नये. मात्र ब्रँटफर्डमध्ये मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती आणि तेथे मुलांना त्यांची भाषा बोलू दिली जात नसे. अनेक घरांतले मौन अशा शाळांतून आलेले आहे. म्हणून सुनेच्या आईला प्रश्न विचारायचे तर ते सुनेनेच, सवडीने आणि समोर बसून विचारावेत. आपण गुहागरहून प्रश्नावली पाठवू नये.

कुलवृत्तांतात सध्या 'आजी : माहेर हिल, जन्म १९२४, ब्रँटफर्डजवळ, ऑन्टॅरिओ, घरातील सांगीनुसार इरोक्वॉय' इतकेच लिहावे, आणि 'घरातील सांगीनुसार' हे शब्द पुरावा मिळेपर्यंत गाळू नयेत. पुढे आजीची आई, तिची आई अशी स्त्रियांची सलग ओळ त्या वस्तीत सापडली, तर कुळाचा प्रश्न येईल. तसे झाले तर होडेनोसॉनी रीतीने आजीचे कूळ तेच सुनेच्या आईचे, तेच सुनेचे आणि तेच आपल्या नातवंडांचे. तरीही ते कूळ आपण कागदावरून ठरवून छापू नये. ते सांगण्याचा अधिकार त्या वस्तीतल्या त्या कुळाच्या स्त्रियांचा आहे आणि सुनेने त्यांच्याकडेच विचारणा करावी. आजीची आई बाहेरची निघाली, तर पॉलिन जॉन्सनच्या बाबतीत झाले तेच येथे होईल. नाते खरेच राहील, पण कुळाचा रकाना कोरा ठेवावा लागेल.

प्रश्न : माझ्या मित्राच्या अमेरिकन पत्नीच्या घरी 'खापरपणजी सेनेका राजकन्या होती' असे सांगतात. परंतु थुंकीच्या डीएनए चाचणीत तसे काहीच निघाले नाही, आणि डॉज याद्यांतही (अमेरिकन सरकारने केलेल्या मूळ रहिवाशांच्या नावनोंदींतही) नाव सापडत नाही. मग ही गोष्ट खोटी म्हणायची का?
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : एवढ्यावरून खोटी म्हणता येणार नाही, पण 'राजकन्या' हा शब्द आधी काढून टाका. सेनेकांत राजा नव्हता, त्यामुळे राजकन्याही नव्हती. प्रमुखांची निवड आणि बडतर्फी कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया करीत.

आपल्या डीएनएत खापरपणजीचा सरासरी वाटा सोळावा, म्हणजे सुमारे ६ टक्के असतो; प्रत्यक्षात तो कमीअधिक होतो, आणि खापरपणजी स्वतःच मिश्र वंशाची असेल तर आणखी कमी. शिवाय कोणतीही चाचणी 'सेनेका' की 'कायुगा' हे सांगू शकत नाही. केवळ आईकडून उतरणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएची वेगळी चाचणी असते; पण मधल्या साखळीत एक जरी पुरुष आला तरी खापरपणजीचा तो डीएनए पुढे उतरत नाही. चाचणीवरून कोणतेही राष्ट्र आपल्याला आपले म्हणत नाही, हेही लक्षात असावे. सेनेका नेशनचे सदस्यत्व आजही आईकडून येते.

डॉज याद्यांत नाव न सापडणे साहजिक आहे, कारण त्या चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल यांच्या आहेत. इरोक्वॉय त्यांत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका वस्त्यांसाठी १८८५ ते १९४० या काळातल्या इंडियन जनगणना याद्या पाहाव्यात. १९०० आणि १९१० च्या जनगणनांत इंडियनांसाठी वेगळे तक्ते होते व त्यांत आईचे राष्ट्र आणि वडिलांचे राष्ट्र असे निरनिराळे रकाने होते. आपल्याला आईचा रकाना हवा आहे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या आगीनंतर नाहीसे झाले, त्यामुळे जनगणनांतली १८८० ते १९०० ही वीस वर्षांची फट या याद्यांबरोबर चर्चच्या नोंदींनीही भरावी लागते.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमचे आडनाव पोर्तुगीज असले तरी घराण्याला गावात वेगळे जुने नाव आहे. मोहॉकांना इंग्रज आडनावे लागली, तसेच आमचे झाले असेल काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : रीत बरीच जुळते. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेण्याची चाल होती. त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन घरांत रक्ताचे नाते असेलच असे नाही, आणि वेगळ्या आडनावांची दोन घरे एकाच मूळ पुरुषाची असू शकतात. आपल्या घराण्याचे ते जुने नाव हाच आपला खरा धागा आहे. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून, त्यांच्या उच्चारासकट, आत्ताच लिहून घ्या आणि मग आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे कोणत्या घरांतली आहेत ते पाहा. ज्या घरांतून ती पिढ्यानपिढ्या आली आहेत, त्यांच्याकडे आपले ते जुने नाव आणखी कोणाच्या स्मरणात आहे का, हे विचारून यावे.