आईला परळला न्यायचंय, कोणत्या गाडीनं नेऊ?

प्रश्न: ताई, आईला (वय 58) दर तीन महिन्यांनी परळच्या टाटा हॉस्पिटलला चेकअपला न्यावं लागतं, सोबत मी एकटाच. सगळे म्हणतात वंदे भारतनं जा, लवकर पोचशील. मागच्या वेळी तत्काळमध्ये खूप पैसे गेले. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दादा, आधी पैशाचं सांगते, कारण हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कॅन्सर पेशंटला उपचाराला किंवा चेकअपला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यात 100 टक्के सवलत आहे, सोबत जाणाऱ्या एकाला 75 टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा रेल्वेच्या नमुन्यातला सही-शिक्क्याचा दाखला लागतो, तो घेऊन स्टेशनवरच्या रिझर्वेशन खिडकीवर जायचं. तत्काळला ही सवलत नाही, म्हणून तर तुमचे पैसे गेले. चेकअपची तारीख आधीच मिळते ना, मग बुकिंग 60 दिवस आधी उघडतं तेव्हाच तिकीट काढून टाका, आणि यावेळी गेलात की पुढच्या खेपेचा दाखला तिथनंच मागून घ्या.

आता गाडी. वंदे भारत चांगलीच आहे, पण पहाटे सोलापूर सोडून मुंबईत पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा होतात, सकाळची ओपीडी गेली की हो, शिवाय सहा-साडेसहा तास आईला बसूनच जायचं आणि ही सवलतही तिथं चालत नाही. मी तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसच म्हणेन, रात्री आई आडवी होईल आणि सकाळी दादरला उतरलात की परळ अगदी जवळ, टॅक्सी करा, त्या गर्दीत लोकलच्या जिन्यावर तिला चढवू नका. थर्ड एसी घ्या, धूळ कमी. फॉर्मवर खालचा बर्थ हवा असं लिहा, नाही मिळाला तर गाडीत टीसींना दाखला दाखवून विनंती करा, रिकामा असला तर देतात.

येतानाही सिद्धेश्वरच, कारण रिपोर्टला कधी संध्याकाळ होते आणि दुपारी चारची वंदे भारत गाठायच्या नादात डॉक्टरांना विचारायचं राहून जातं. शेंगाचटणी-भाकरी तुमच्यापुरती घ्या, आईचं तोंड आलेलं असेल तर तिला मऊ भात वेगळ्या डब्यात.