आधी टेप, मग खुर्ची : स्वयंसेवकांच्या प्रश्नांना उत्तरे

सेवाभावी मंडळांची पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तारीख ठरलेली असते, पाहुणे ठरलेले असतात, वस्तूंची ऑर्डरही गेलेली असते. ती वस्तू वापरणार कोण, एवढेच ठरायचे राहिलेले असते. मी रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे वाटपानंतर काही आठवड्यांनी जे बिघडते ते माझ्या टेबलावर येते. या महिन्यातली काही पत्रे घेतो.

प्रश्न : मंडळाच्या वर्धापनदिनी एकाच दिवशी पाचशे जणांचे रक्तदान घडवायचे आहे. रुग्णालयाला मोठी मदत होईल ना?

रक्तपेढीला विचारा, मला नको. साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट साधारण ५ दिवस, एवढे लक्षात ठेवून विचारा. बहुधा ते म्हणतील की पाचशे जणांना वर्षभरात वाटून पाठवा.

प्रश्न : आम्ही पन्नास व्हीलचेअर देणार आहोत. विक्रेता म्हणतो, एकच माप सगळ्यांना चालते आणि माल आयएसओ प्रमाणित आहे. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे. काय काळजी घ्यावी?

कार्यक्रम पुढे ढकला. हे उत्तर आवडणार नाही, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

तुमच्यासारख्याच एका मंडळाची खुर्ची मिळालेला तरुण माझ्याकडे आला होता. झाडावरून पडून पाठीचा मणका मोडलेला, कमरेखाली संवेदना नाही. खुर्ची नवी कोरी, पाठीवर देणाऱ्यांचे नाव मोठ्या अक्षरांत. बसायला नुसते ताणलेले रेक्झिन, उशी नाही. सीट त्याच्या कमरेपेक्षा चार बोटे रुंद, म्हणून तो एका अंगाला कलून बसायचा. सारा भार एकाच बाजूच्या बसायच्या हाडावर. तुम्हाआम्हाला अशा वेळी बुड दुखते आणि आपण नकळत हलतो. त्याला दुखतच नव्हते, मग हलणार कशाला? सहा आठवड्यांनी बाहेरून बोराएवढी जखम होती आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने पालथे पडून काढावे लागले. तोवर निदान घरातल्या घरात सरकत तरी होता, तेही गेले.

दाबाने होणाऱ्या अशा जखमा, म्हणजे बेडसोर, बऱ्याचदा हाडाजवळ आतून सुरू होतात, म्हणून घरच्यांना उशिरा कळते. डाग दिसला की बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. फिकाच पडत नसेल तर त्या हाडावर बसणे ताबडतोब बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागते का ते पाहायचे.

आता ‘एकच माप’. बाजारातली नेहमीची खुर्ची साधारण १८ इंच रुंद सीटची असते. ती धिप्पाड माणसाला घट्ट होते, वाळलेल्या म्हाताऱ्याला ढगळ होते, आणि मुलाला तर त्यात टाकून दिल्यासारखे वाटते. टेपने तीन मापे तरी घ्यावीच लागतात : कमरेची रुंदी, पार्श्वभागापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची लांबी, आणि तिथून टाचेपर्यंतची उंची. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटे जागा राहिली पाहिजे. पाय ठेवायची पट्टी फार वर असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि भार पुन्हा त्याच हाडांवर येतो. फार खाली असेल तर पाय लोंबतात, माणूस पुढे घसरतो.

आणि आयएसओ. विक्रेत्याने दाखवलेला कागद पुन्हा वाचा. तो बहुतेक आयएसओ ९००१ चा असेल. ते प्रमाणपत्र कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचे असते, खुर्चीचे नव्हे. व्हीलचेअरच्या मजबुतीच्या आणि तोल जाण्याच्या चाचण्या आयएसओ ७१७६ या मालिकेत येतात. त्याचा अहवाल मागा आणि विक्रेता विषय कसा बदलतो ते बघा. ‘उशी मोफत’ हीसुद्धा तशीच गंमत. बोटाएवढ्या जाडीचा फोम महिन्याभरात पापड होतो.

मी ‘देऊ नका’ म्हणत नाही. जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअर लागते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ती नाही. पण याच संघटनेने २००८ साली खुर्ची देण्याच्या ज्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत प्रत्यक्ष खुर्ची शेवटी-शेवटी येते. आधी माणूस शोधणे, तपासणी, निवड, पैशांची सोय आणि ऑर्डर, जुळणी. मग बसवून पाहणे, वापरायला शिकवणे, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. तुमच्या कार्यक्रमात यांतली पैशांची पायरी तेवढी आहे. जवळच्या पुनर्वसन विभागाला फोन करा, पन्नास जणांच्या तपासणीला चार-पाच दिवस मागा. पन्नासच्या पंचवीस खुर्च्या झाल्या तरी चालतील, पण प्रत्येकीबरोबर चांगली उशी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी. काहींना खुर्ची नको, वॉकर हवा, हेही तपासणीतच कळेल.

प्रश्न : मधे भोक असलेली हवेची गोल रिंग जखमेखाली ठेवली तर जखम भरते, असे ऐकले. अशा रिंगा रुग्णालयाला द्याव्यात का?

नाही. रिंगेच्या कडेचा दाब भोकाभोवतीचा रक्तपुरवठा कमी करतो आणि जखम वाढते. ‘असे ऐकले’ यावर खरेदी करू नका, वॉर्डच्या परिचारिकेला विचारा.

प्रश्न : आमच्या शाळेत व्हीलचेअरवरचा एक विद्यार्थी येणार आहे. दारात १५ सेंटिमीटरची पायरी आहे. स्वयंसेवकांनी लोखंडी पत्रा ठेवून उतार केला तर?

पत्रा किती लांब, ते तुम्ही लिहिलेच नाही. सर्वसाधारण प्रमाण १ ला १२. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला किमान १८० सेंटिमीटर उतार हवा. त्याहून आखूड केला तर मूल स्वतः चढू शकत नाही, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. दोन्ही कडांना उंचवटा हवा, पृष्ठभाग खरखरीत हवा, आणि वर पोचल्यावर खुर्ची वळवता येईल अशी सपाट जागा. दार ओलांडताना थांबायला जागाच नसेल तर मूल उतारावर लटकून कडी काढणार का?

शौचालयाचे दार मोजले का? कोणी मोजत नाही. दार बारीक असल्यामुळे दिवसभर पाणी न पिणारी मुले मी पाहिली आहेत. काम सुरू करण्यापूर्वी एकदा त्या विद्यार्थ्यालाच त्याच्या खुर्चीसकट शाळेत आणा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, सोबत घ्या.

प्रश्न : लोकांकडून जुन्या कुबड्या आणि वॉकर गोळा केले आहेत. गरजूंना थेट वाटावेत का?

थेट नको. तडा गेलेले बाजूला काढा, खालच्या रबरी टोप्या झिजल्या असतील तर बदला. ती टोपी गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर पडणे ठरलेलेच. मग उंची. हात सैल सोडून उभे राहिल्यावर पकडायची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. काखेतली कुबडी काखेला टेकता कामा नये, दोन-तीन बोटे अंतर हवे. भार हातांवर घ्यायचा असतो, काखेवर नव्हे. काखेवर लटकून चालणाऱ्यांच्या हाताची नस दबते आणि मनगट लुळे पडते. पायासाठी आलेला माणूस मग हातासाठीही येतो. जिने कसे चढायचे हे फिजिओथेरपिस्टने एकदा दाखवल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : वस्तीतल्या एका तान्ह्या बाळाची दोन्ही पावले आत वळलेली आहेत. शेजारच्या आजी म्हणतात, तेलाने चोळून सरळ होतील. आमचे अस्थिरोग शिबिर आठ महिन्यांनी आहे, तिथे दाखवू का?

आठ महिने? याच आठवड्यात दाखवा. हे जन्मजात वाकडे पाऊल, क्लबफूट असू शकते. आहे की नाही ते अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले अस्थिरोगतज्ज्ञ इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेली पद्धत आता जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे, बहुधा पाच-सहा वेळा. बऱ्याच बाळांना टाचेच्या वरच्या शिरेला (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) छोटासा छेद द्यावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत सुरू केले तर काम सोपे असते, कारण पाऊल तेव्हा लवचिक असते. नुसत्या तेलाने ते सरळ होत नाही, आजींना नमस्कार सांगून कळवा.

शिबिराची हौस असेल तर इथे वापरा. प्लास्टर संपल्यावर बाळाला विशिष्ट बूट-पट्टी घालावी लागते, आधी जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना. बाळ रडते, घरचे ती काढून ठेवतात, आणि पाऊल पुन्हा वळते. दर आठवड्याला त्या आईला दवाखान्यापर्यंत सोबत करणारी आणि नंतर पट्टी चालू आहे का विचारणारी एक स्वयंसेविका मिळाली तर मला आणखी काही नको.

प्रश्न : वॉर्डमध्ये मदतीला जातो. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत उचलून बसवावे का?

नाही. परिचारिकेला बोलवा.

प्रश्न : वाटपाच्या वेळी लाभार्थ्यांचे फोटो घेतले तर हरकत आहे का?

त्यांना विचारा. पण खुर्ची हातात देताना नव्हे, आदल्या दिवशी, एकट्याला गाठून; आणि ‘नको’ म्हटले तरी खुर्ची मिळेल हे आधी सांगून.

प्रश्न : आमच्यात दोघे सायकल दुरुस्त करणारे आहेत. नवीन काही देण्याऐवजी जुन्या व्हीलचेअर दुरुस्त केल्या तर उपयोग होईल का?

इतक्या पत्रांत हा प्रश्न आला, बरे वाटले. खूप होईल. मागच्या चाकांचे टायर, ट्यूब, आरे ही सायकलवाल्यांचीच विद्या आहे. पुढची छोटी चाके आधी काढून बघा, त्यांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले सापडतील. खुर्ची ‘जड झाली’ ही निम्मी तक्रार तिथेच मिटते. मग रिकामी खुर्ची सपाट फरशीवर ढकलून सोडा. एका बाजूला ओढत असेल तर चाक किंवा सांगाडा वाकला आहे. ब्रेक लावून जोर लावा, चाक फिरता कामा नये. नटबोल्ट आवळा, घडी करून उघडून पाहा. रेक्झिन झोळीसारखे लोंबत असेल तर त्याच मापाचे नवे घाला.

सीटची रुंदी, पाठीचा कोन किंवा चाकांची जागा मात्र परस्पर बदलू नका. तिथे बसणाऱ्याचा तोल बदलतो. त्यासाठी माणूस आणि खुर्ची दोन्ही आमच्याकडे घेऊन या. तुमचे ते दोघेही येऊ देत, पाने लागतील.