वेडेलिया फार पसरतेय, तिची निगा कशी राखायची?

सोसायटीच्या बागेत पिवळ्या फुलांची वेडेलिया लावलीत आणि पावसाळ्यात ती पायवाटेवर, जास्वंदीच्या बुंध्यात शिरतेय, असं तुम्ही विचारलंय. मी नेरुळला राहतो, आमच्या इमारतीमागच्या उतारावर हीच आहे. हिला जगवायची चिंता नको, आवरायची करा.

एक फांदी उचलून बघा. जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळं फुटलेली दिसतील. म्हणून नुसतं वरून छाटून भागत नाही; कापलेला तुकडा ओल्या मातीवर पडला की तिथेच पुन्हा धरतो. पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी वाफ्याच्या कडेने कुदळीने वीतभर खोल चर मारा आणि चराबाहेर आलेल्या फांद्या मुळांसकट उपटा. मे महिन्यात तीन-चार इंच ठेवून सपाट छाटली तर पावसात पालवी छान दाट येते. ऊन भरपूर हवं, सावलीत फुलं कमी येतात. खत घालूच नका.

छाटलेला पाला मात्र कृपा करून नाल्यात किंवा खाडीकडे टाकू नका. ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ओलसर जागी तिची गादी झाली की खालचं आपलं गवत, रानभाजी काहीच वर येत नाही. पाला गच्चीवर प्लास्टिकवर पसरून कडकडीत वाळवा, मगच कंपोस्टमध्ये घाला.