हरताळ पाळतात, फासतात तो वेगळा

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे: 'कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, या मागणीसाठी विद्यार्थी एक दिवस वर्गात आले नाहीत, फाटकाशी बसून राहिले. जे थोडे आले त्यांचा तास मी घेतला. अहवालात "संपाच्या दिवशी" लिहू की "हरताळाच्या दिवशी"? एक सहकारी तर म्हणाले, तुम्ही पोरांच्या आंदोलनाला हरताळ फासलात. हे मराठी बरोबर आहे का?'

संपाचे आधी उरकतो. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. मराठीत एकोप्याने काम थांबवणे. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप आठवा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले आणि १९३९ पर्यंत ते निभावले. काम कुळांचे होते, म्हणून तो संप. विद्यार्थी तासाला बसला नाही, तर तो बहिष्कार. तुम्ही शिकवायचे नाकारले असते, तर तो संप झाला असता, आणि त्या तासाचे मानधनही बुडाले असते.

आता हरताळ. 'बाजारपेठेने हरताळ फासला', 'विद्यार्थ्यांनी तासांना हरताळ पाळला' अशी वाक्ये सतत कानावर पडतात आणि खरोखर संताप येतो. हे दोन निराळे शब्द आहेत. पाळायचा हरताळ बाजारातला. हट्ट म्हणजे बाजार, आपला हाट. त्याला ताल म्हणजे टाळे. हिंदीत त्याचे हडताल झाले, आपल्याकडे हरताळ. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी गांधीजींच्या हाकेवरून देशभर पाळला गेला तो हा. 'हर म्हणजे प्रत्येक, म्हणून प्रत्येक दुकानाला टाळे' ही फोड व्याख्यानांतून ठासून सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांनी हिंदीतल्या 'ड'चे काय करायचे तेही सांगावे.

फासायचा हरताळ म्हणजे हरिताल, आर्सेनिक आणि गंधकाचे पिवळेधमक खनिज. पोथी नकलताना अक्षर चुकले की खाडाखोड करीत नसत. हरताळ बारीक खलून, डिंकाच्या पाण्यात कालवून चुकलेल्या अक्षरावर त्याचा हात देत. हातकागदाच्या पिवळसर रंगात तो मिसळून जाई आणि वाळल्यावर त्यावरच बरोबर अक्षर लिहिता येई. शिवाय तो विषारी, त्यामुळे किडीलाही अटकाव होई. दमट हवेत पोथ्यांना कसर लागताना ज्यांनी पाहिली आहे, त्या कोकणातल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. जुनी पोथी मिळाली तर उजेडात तिरपी धरून पाहा. पिवळ्या पट्टीखाली पहिले, चुकलेले अक्षर कधीकधी पुसट दिसते आणि नकलकाराचा हात कुठे अडखळला ते कळते. मराठीतला दुसरा कुठलाही वाक्प्रचार मला इतका आवडत नाही.

काही जाणकार म्हणवणारेही हरताळ फासणे हे दुकाने बंद करण्यावरूनच आले असे सांगतात. त्यांनी क्रियापद तरी पाहावे. राख फासतात, शेंदूर फासतात, काळे फासतात. टाळे कोणी फासते का?

यावरून माझे एक ठाम मत बनले आहे आणि ते मी सोडणार नाही: हरताळ फासायचा तो लिहिलेल्या गोष्टीलाच. नियमाला, ठरावाला, कराराला, घटनेच्या कलमाला. 'आशांना हरताळ फासला', 'आनंदाला हरताळ फासला' हे ढिसाळ मराठी आहे. आशा कोणी बोरूने लिहिल्या होत्या? वाक्प्रचार मुळापासून सुटतात, भाषा अशीच चालते, असे उत्तर मिळते. सुटतात हे खरे, पण मूळ हाताशी असताना ते मुद्दाम का सोडायचे? मूळ कृती तर दुरुस्तीची होती. आपण तिला नासधुशीचा अर्थ दिला, तेवढी ढील पुरे.

आणि भाद्रपदातली हरतालिका यात ओढू नका. तिच्या नावाची परंपरेने दिलेली फोड हरण आणि आलि म्हणजे सखी अशी आहे. सख्यांनी पार्वतीला वडिलांच्या घरून नेले ती कथा. खनिजाचाही संबंध नाही, टाळ्याचाही नाही.

तर तुमचे सहकारी चुकले. फाटकाशी बसलेल्या मुलांचे आंदोलन म्हणजे लिखित मजकूर नव्हे. त्या दिवशी लिहिलेले काही होते तर ते भिंतीवरचे वेळापत्रक. त्याला हरताळ फासला असेल तर मुलांनी, आणि एका मागणीसाठी समजून-उमजून. तुम्ही ते जसेच्या तसे पाळले.

अहवालात लिहा: 'विद्यार्थ्यांनी तासांवर बहिष्कार टाकला होता, उपस्थित विद्यार्थ्यांचा तास घेतला.' 'तासिकांवर' नको. तास हे मुळात अरबी-फारसीतले धातूचे भांडे; त्याला संस्कृत शेपूट कार्यालयांनी जोडले आहे. मानधनाच्या बिलात मात्र तासिकाच लिहा, नाहीतर ते परत येईल.