चिरेबंदी घरात पडवीतलं नेट माजघरापलीकडे येत नाही. कोणता राउटर घ्यावा?

तुमचं चिपळूणजवळ जुनं चिरेबंदी घर आहे. १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय. पडवीत नेट छान चालतं, माजघरात रखडतं, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत मिळतच नाही, आणि लेकीला नेमकं त्याच खोलीतून ऑफिसचं काम करायचंय. दुकानदार सहा अँटेनांचा आठ हजारांचा राउटर घ्या म्हणतोय. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. तुमच्या घरात तो मागच्या खोलीपर्यंत पोचणार नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम होईल, आणि चांगलं होईल.

माझं घर संगमेश्वर तालुक्यात. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली, सगळं एकामागे एक. मधल्या भिंती जांभ्याच्या, सव्वा फुटी. तीन वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. त्यानंतर वाडीतल्या आणि नातेवाइकांच्या आठ-दहा घरांत स्वतः वायर ओढून नेट मागपर्यंत नेलंय, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

आधी एक काम करा. मोबाइल हातात घ्या, पडवीत डब्यासमोर, म्हणजे फायबरच्या कंपनीने बसवलेल्या राउटरसमोर, उभे राहा आणि स्पीड मोजा. मग एकेक उंबरठा ओलांडत मागे जा आणि प्रत्येक खोलीत मोजून कागदावर लिहा. माझ्याकडे पडवीत ९२, ओटीवर ६८, माजघरात ३५, स्वयंपाकघरात ४ आले होते, आणि मागच्या खोलीत कनेक्शनच तुटलं. हे आकडे मे महिन्यातले. जुलैत पुन्हा मोजलं तर माजघरात ३५ चे १८ झाले होते. जांभा पाणी पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त अडवते. त्यामुळे उन्हाळ्यात मोजून राउटर घेतला तर पावसाळ्यात तोच कमी पडतो. तुम्ही आत्ता मोजत असाल तर ऋतू लक्षात ठेवा.

आता सहा अँटेनांबद्दल. वाय-फाय दोन बाजूंनी चालतं. राउटर बोलतो तसं मोबाइललाही उलट बोलावं लागतं. राउटर कितीही मोठा आणला तरी तुमच्या लेकीचा लॅपटॉप तेवढाच राहतो, आणि त्याचा आवाज तीन चिऱ्याच्या भिंतींतून पडवीपर्यंत पोचला नाही तर व्हिडिओ कॉलवर तिलाच समोरचे म्हणणार, आवाज तुटतोय. शिवाय राउटरने जास्तीत जास्त किती ताकदीने प्रसारण करायचं याची मर्यादा सरकारने घालून दिलेली आहे. ती दोन अँटेनांच्या राउटरला आहे तशीच सहाच्याला. जास्त अँटेनांचा उपयोग एकाच वेळी बरीच उपकरणं सांभाळायला होतो. भिंत त्यांनी पातळ होत नाही.

डब्यावर दोन पट्टे लिहिलेले असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. ती भिंतीतून जरा बरी जाते, पण वेग कमी देते. ५ ची सहा सेंटिमीटरच्या आसपास. वेग भरपूर, पण चिऱ्यापुढे लगेच दमते. तुमच्या पडवीत जे झकास चालतं ते ५ वर, आणि माजघरात जे रखडतं ते २.४ वर पडल्यामुळे, असं असण्याची शक्यता मोठी आहे.

पैसे खर्च करण्याआधी डब्याची जागा बघा. बसवणारा माणूस वायर जिथून घरात शिरते तिथेच, बहुतेक वेळा मीटरच्या बोर्डाजवळ, डबा ठोकून निघून जातो. त्याला सांगून फायबर ओटीपर्यंत किंवा माजघरापर्यंत ओढून घेता येतं, फक्त सांगावं लागतं. फायबर काचेची असते. तिला बांगडीपेक्षा लहान वळसा देऊ नका आणि खिळ्याला पिळून बांधू नका. डबा कोनाड्यात ठेवू नका. दिसायला छान दिसतो, पण तीन बाजूंनी चिरा येतो. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा वर तर मुळीच नको. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ओटीपासून मागच्या दारापर्यंत दारं एका ओळीत असतात. डबा त्या ओळीत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लावला तर लहरींना चिऱ्यातून जावंच लागत नाही, दारातून जातात. बंद लाकडी दारही चिऱ्याच्या मानाने काहीच नाही. माझ्या मामेभावाच्या घरी एवढ्यावरच भागलं, नवा राउटर घ्यावाच लागला नाही.

तुमची मागची खोली स्वयंपाकघराच्याही पलीकडे आहे, म्हणजे एवढ्याने भागेल असं वाटत नाही. तिथे दुसरा राउटर लागेल, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वायर लागेल. वायर टाकायचा कंटाळा म्हणून लोक हजार रुपयांचा रिपीटर, म्हणजे आलेलं वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा, आणून मागच्या खोलीतल्या सॉकेटला लावतात. जिथे रेंजच येत नाही तिथे रिपीटरने पुढे काय द्यायचं? तो अर्ध्या वाटेवर लावावा लागतो. आणि एकाच पट्ट्यावर घ्यायचं आणि त्याच पट्ट्यावर पुढे द्यायचं, त्यामुळे वेग निम्मा होतो. मेश म्हणून दोन-तीन डब्यांचा संच मिळतो. शहरातल्या मोठ्या फ्लॅटला तो ठीक आहे, कारण तिथे मधल्या भिंती चार-पाच इंची विटेच्या असतात. सव्वा फुटी जांभ्यात मेशच्या डब्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. मधे वायर जोडली तरच तो संच नीट चालतो, आणि वायर टाकायचीच तर मग साधा राउटर पुरतो.

वायर कॅट ६ घ्या, मीटरला वीस-तीस रुपये पडतील. दुकानात विचारा की आतलं तांबं अस्सल आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मुलाम्याची स्वस्त असते, पण टोकाला तुटते आणि वर्षा-दोन वर्षांत त्रास देते. थोडी सोलून आतली तार ब्लेडने खरवडा. पांढरी चमक दिसली तर परत द्या. माळ्यावरून वाशाच्या कडेने नेणं सगळ्यात सोपं, पण उघडी नेऊ नका. माझी पहिली वायर चार महिन्यांत उंदरांनी कुरतडली. आता अर्ध्या इंची प्लास्टिक पाइपातून नेलीय, तेव्हापासून हात लावावा लागलेला नाही. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत ही वायर पूर्ण वेग देते आणि घरात एवढी लागत नाही.

राउटर वाय-फाय ६ चा घ्या, डब्यावर एएक्स१५०० लिहिलेला. अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. एका घरात दोन लॅपटॉप, चार-पाच मोबाइल आणि टीव्ही एकदम चालत असतील तर वाय-फाय ६ जुन्या ५ पेक्षा खरंच बरं सांभाळतं. वाय-फाय ७ चे डबेही आलेत, पण १०० एमबीपीएसच्या कनेक्शनला त्याचा उपयोग नाही. १५०० या आकड्यावर भुलू नका. ती दोन पट्ट्यांची कागदावरची बेरीज आहे, ३०० आणि १२०१ मिळून. तुमच्या घरात १०० येतात, तर जास्तीत जास्त १०० च मिळणार.

खोक्याच्या मागे बारीक अक्षरात मात्र एक गोष्ट वाचाच: वायर लावायची भोकं, म्हणजे पोर्ट, गिगाबिट (१००० एमबीपीएसपर्यंत) आहेत की १०/१०० (१०० पर्यंतच). स्वस्तातल्या पुष्कळ राउटरवर पुढे मोठ्ठे १२०० छापलेले असते आणि मागे पोर्ट १०/१०० चेच असतात. आज ९४ पर्यंत मिळतील आणि कळणारही नाही. उद्या प्लॅन २०० चा केलात की मागच्या खोलीत ९४ च येत राहतील, आणि तुम्ही कंपनीला फोन करत बसाल.

आणि त्यात ॲक्सेस पॉइंट मोड आहे याची खात्री करा, म्हणजे राउटर स्वतःचं वेगळं जाळं न करता वायरीतून आलेलं नेट नुसतं वाय-फायवर पसरवतो. दुसरा राउटर त्याच मोडवर टाकायचा. नाहीतर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि मागच्या खोलीतून पुढचा प्रिंटर सापडत नाही. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फोन चालता चालता आपोआप जवळचा डबा पकडतो. चॅनेल मात्र वेगळे: २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ११, ५ वर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९. कंपनीने दिलेला फायबरचा डबा काढायचा नाही, काचेतला उजेड तोच वायरीत आणतो. नवा राउटर त्यालाच वायरीने जोडायचा.

उरली वीज. आपल्याकडे लाईट जाणारच, आणि लेकीचं काम त्यावर थांबायला नको. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो आणि दोन-तीन तास काढतो. पण दोन डबे म्हणजे दोन यूपीएस, हे आधीच धरून चाला. एकटा मागचा राउटर चालू राहून काही होत नाही, पुढचा डबा बंद पडला की नेट गेलंच. घेताना ॲडॅप्टरवरचे आकडे जुळवा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ देऊ नका. वीज कडाडायला लागली की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आमच्या वाडीत एका घरी खांबावरून तांब्याची वायर आली होती. मृगात वीज पडली तेव्हा राउटर आणि त्याला जोडलेला लॅपटॉप दोन्ही गेले. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण घरातल्या लाईटच्या वायरीतून येते.

फायबरचा डबा आता आहे तिथपासून माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत सुतळी धरून मोजा. चढ-उतार त्यातच आला पाहिजे. माझ्याकडे २२ मीटर भरली होती, मी ३० आणली आणि उरलेली वेटोळं करून वाशाला टांगलीय. मोजून झालं की लांबी सांगा, आणि माजघरावरचा माळा स्वयंपाकघरापर्यंत सलग आहे की मधे भिंत वरपर्यंत गेलीय तेही. भिंत असेल तर भोक कुठून पाडायचं ते बघून सांगतो.